बारव आळीतला तिसरा मजला

कल्याणच्या बारव आळीतून उत्तराताई गुप्ते नगरपालिकेवर निवडून गेल्या, त्या एकाच वचनावर. आळीतली बारव बुजवायची.

आळीच्या तोंडाशीच ती होती. होती असं आपलं म्हणायचं. दिसायचा तो शेवाळाचा एक हिरवा चौकोन आणि त्याच्या चारी अंगांनी पसरलेला उकिरडा. आळीत नळ आल्यापासून तिच्याकडे पाणी मागायला कुणी गेलं नव्हतं. मग राख, फुटकी मडकी, जुन्या गाद्यांचा कापूस, निर्माल्य, जे घरात नको ते तिच्यात. संध्याकाळी तिथून डासांचे ढग उठत. उत्तराताईंची मुलगी शालू सात वर्षांची होऊन हिवतापाने गेली, तेव्हा आळीतली आणखी तीन माणसं त्याच तापाने अंथरुणात होती. मुलीचे दिवस झाल्यावर उत्तराताई घराबाहेर पडल्या त्या त्या बारवेवर दात धरूनच. फवारणीवाल्यांना दारोदार नेणं, अर्ज लिहिणं, नगरपालिकेत खेटे घालणं, हे त्यांनी इतकं केलं की चोपन्न सालच्या निवडणुकीत लोकांनीच त्यांना उभं केलं. शेजारच्या सखुबाई तर पदर खोचून मतं मागत फिरल्या.

त्यामुळे महिपत भोईरचा अर्ज आला तेव्हा देवच पावला असं उत्तराताईंना वाटलं. महिपतच्या खाडीकाठी वीटभट्ट्या होत्या. बारवेची जागा आणि तिला लागून असलेलं परसू त्याने मूळ मालकाकडून विकत घेतलं होतं. बारव भरून काढायची आणि तिथे तळमजला अधिक दोन मजल्यांची चाळ बांधायची, असा त्याचा नकाशा होता. जागांची टंचाई म्हणजे काय हे तेव्हा कल्याणात कुणाला सांगावं लागत नव्हतं. फाळणीनंतर गाव फुगलं होतं, रेल्वेत लागलेली कोकणातली पोरं एकेका खोलीत आठ-आठ जण झोपत होती. बारव जाईल, घरं होतील. बांधकाम समितीच्या बैठकीत उत्तराताईंनीच अर्ज उचलून धरला. आरोग्य खात्याने एकच अट घातली, की भराव टाकण्याआधी पाणी उपसून आतली घाण काढावी आणि समितीने ते पाहून मगच परवानगी द्यावी.

वैशाखात महिपतने पंप लावला. इंजिनाच्या धडधडीने आळीला दुपारची झोप म्हणून मिळाली नाही. काळं पाणी नाल्याकडे वाहत राहिलं, मागून गाळाच्या पाट्या निघाल्या. वासाने लोकांनी खिडक्या लावून घेतल्या. गाळ काढून झाल्याचा निरोप आला तेव्हा समितीचे अध्यक्ष श्रीपादराव, ओव्हरसियर आणि उत्तराताई पाहणीला गेले. श्रीपादरावांचे गुडघे दुखत. ते वरच थांबले. ओव्हरसियर पुढे झाला, त्याच्यामागे उत्तराताई नाकाला पदर लावून निघाल्या.

दहाबारा पायऱ्या उतरल्यावर त्यांनी पदर खाली घेतला. वास नव्हता. वरचं ऊन, इंजिन, रस्त्यावरची टांग्यांची खडखड, सगळं कुणीतरी दार ओढून घ्यावं तसं मागे राहिलं होतं. अंगाला गारवा लागला. माठातलं पाणी ओंजळीत घेतल्यावर लागतो तसा.

आणि पायऱ्या संपेनात. शेवाळाखाली चार हात पाणी असेल नि मग चिखल, एवढीच आळीची समजूत होती. इथे एक टप्पा झाला की दगडी सज्जा, तिथून दोन्ही अंगांनी पुन्हा पायऱ्या, खाली दुसरा सज्जा, त्याच्या पोटात कमानींची ओवरी. काळा पाषाण दगडाला दगड असा बसवलेला, की मधे सुपारीचं खांड शिरू नये. इतकी वर्षं पाण्याखाली राहून एक चिरा हलला नव्हता. कमानीच्या माथ्यावर हंसांची ओळ होती. अंधाऱ्या कोपऱ्यात, जिथे कुणाची नजर जाण्याचं कारण नाही, तिथल्या हंसाचंही पीस न् पीस कोरलेलं. ओव्हरसियर कंदील धरून शिलालेख शोधत फिरला. नाव, साल, राजा, दाता, काहीच मिळालं नाही. कोरायला जागा भरपूर होती. कुणी कोरलं नव्हतं.

सज्ज्याच्या कठड्यावर उत्तराताईंनी आधारासाठी हात टेकला तर तो एका खोबणीत गेला. तिच्या शेजारी दुसरी खोबण, मग तिसरी. ही नक्षी नव्हे, हे त्यांना क्षणाने उमगलं. पाणी काढण्याच्या दोरांनी घासून घासून दगड खाली गेला होता. त्यांचं मनगट बांगड्यांसकट त्या चरात बसलं. काथ्याच्या दोराने पाषाण इतका झिजायला किती बायका, किती पहाटा लागल्या असतील, याचा त्या विचार करू लागल्या आणि तो विचार त्यांना पेलेना. या गावात आपली पाचवी पिढी म्हणून त्या अभिमानाने सांगत. पाच पिढ्या त्या चरात बोटभर खोलीच्याही नसतील.

तळाशी गाळ काढून खडक उघडा केलेला होता. खडकाला एक चीर होती आणि त्या चिरेतून पाणी येत होतं. घाई नाही, आवाज नाही. वीतभर साचलेलं ते पाणी इतकं नितळ होतं, की पाऊल पडून गोल तरंग उठला तेव्हाच आपण पाण्यात उभ्या आहोत हे उत्तराताईंना कळलं. तेवढ्यात सूर्य डोक्यावर आला असावा. वरच्या चौकोनातून ऊन सरळ खाली उतरलं, पाण्यावर पडलं, आणि त्याची थरथर चारी भिंतींवर, कमानींवर, हंसांवर चढत गेली. सगळी बारव आतून उजळली. ओव्हरसियरने कंदील खाली ठेवला आणि डोक्यावरची टोपी काढली.

उत्तराताईंना रडू आलं, ते शालूसाठी नव्हतं. इतकी वर्षं त्या ज्याला मरण म्हणत होत्या, त्याच्या तळाशी हे चालू होतं. वरून राख पडत असताना, मडकी पडत असताना, खाली हे पाणी असंच येत होतं. आपल्यापेक्षा फार मोठ्या कशाच्या तरी पोटात आपण उभ्या आहोत, असं त्यांना वाटलं. भीतीही वाटली.

वर आल्यावर श्रीपादरावांनी विचारलं, मग द्यायची ना परवानगी? उत्तराताई म्हणाल्या की त्यांना थोडा वेळ हवा.

ही बातमी आळीत फिरली आणि सखुबाई तरातरा आल्या. त्यांनी आरडाओरडा केला नाही. केला असता तर बरं झालं असतं. उंबऱ्यातच उभ्या राहून त्या म्हणाल्या, "शालूच्या वेळी रात्रभर मी बसले होते गं तिच्या उशाशी. तू विसरलीस?"

उत्तराताईंनी सखुबाईंना एकदा खाली येऊन बघायची विनंती केली. सखुबाई नाही म्हणाल्या आणि निघून गेल्या.

श्रीपादराव स्वभावाने वाईट नव्हते, पण कायद्यावर बोट ठेवून चालणारे. त्यांनी उपविधींचं पुस्तक उघडून दाखवलं. रस्त्याची रुंदी, सांडपाणी, हवा, उजेड, सगळ्याला कलम होतं. सुंदर आहे, जुनं आहे, म्हणून कुणाचं बांधकाम अडवावं असं कलम नव्हतं. अर्ज नियमात बसत होता. नामंजूर केला तर महिपत कोर्टात जाईल आणि जिंकेल, असं ते म्हणाले.

मग उत्तराताई महिपतच्या भट्टीवर गेल्या. महिपतने खाट टाकली, चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं. मालक म्हणून त्याने एकदा बारवेत डोकावलं होतं. पण तो व्यवहाराचा माणूस. "बाय, तू बोलतं ते मना पटतं," तो म्हणाला. "पण बारव ठेवली तर माझ्या चौथाई खोल्या जातात. त्या खोल्या मी कुठं बांधू, आभालात?"

तो सहज बोलला होता. उत्तराताई मात्र परतीच्या वाटेवर त्याच शब्दाला धरून बसल्या. आभाळात. आळीत दोनच मजल्यांना परवानगी होती. तिसरा हवा तर समितीचा खास ठराव लागे आणि शेजाऱ्याची हरकत नको. इमारत बारवेपासून मागे सरकवून एक मजला वर चढवला, तर एक खोलीही कमी होत नव्हती. पण ती मागे सरकली की ज्याच्या अंगणावर तिची सावली पडणार, तो शेजारी एकच होता. ते घर गुप्त्यांचं होतं.

घरी त्यांचे यजमान विश्रामराव यांनी शांतपणे ऐकलं. रेल्वेच्या नोकरीतून थकून आलेला माणूस. संध्याकाळी अंगणातल्या उन्हात आरामखुर्ची टाकून बसणं हेच त्यांचं सुख. ते ऊन जाणार होतं. त्यांनी इतकंच विचारलं, की तिथे खाली एवढं आहे तरी काय. उत्तराताई सांगू लागल्या आणि मधेच थांबल्या. दुसऱ्या दिवशी त्या त्यांना घेऊन गेल्या. विश्रामराव तळाशी पोचले, बराच वेळ वर बघत राहिले. घरी येऊन त्यांनी हरकत नसल्याच्या कागदावर सही केली.

एकही खोली जात नाही म्हटल्यावर महिपतने नकाशा बदलून दिला. बैठकीत वाद झाला. एका सभासदाने विचारलं की डासांचं काय. उत्तराताई उठल्या. "डास बारवेने आणले नाहीत, आपल्या उकिरड्याने आणले," त्या म्हणाल्या. "त्यांची किंमत माझ्याइतकी या खोलीत कुणी दिलेली नाही. तरी मी म्हणते, ती राहू द्या." मग त्यांनी अटी वाचून दाखवल्या: काठाला कठडा, तोंडावर जाळी, पाण्यात अळ्या खाणारे मासे, आणि कचरा टाकणाऱ्याला दंड. ठराव एका मताने तरला. ते मत श्रीपादरावांचं होतं. दोन दिवस आधी दुखऱ्या गुडघ्यांनी, ओव्हरसियरच्या खांद्याला धरून, ते खाली जाऊन आले होते. तिथे काय वाटलं हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही.

चाळ झाली. तिसऱ्या मजल्याच्या भिंती उभ्या राहिल्या तसं गुप्त्यांच्या अंगणातलं ऊन कमी कमी होत गेलं, आणि दिवाळीनंतर दुपारीच तिथे सावली येऊ लागली. विश्रामरावांनी खुर्ची बाहेर ओट्यावर नेली. पुढच्या निवडणुकीत उत्तराताई पडल्या. दिलेलं वचन मोडलं हे आळीने लक्षात ठेवलं होतं, आणि उत्तराताईंना त्यात वावगं वाटलं नाही.

सखुबाई मात्र दोन वर्षं बोलल्या नाहीत. एका चैत्रात, हळदीकुंकवाच्या दिवशी, चाळीतल्या नव्या सुना जाळीचं दार उघडून हसत-बोलत खाली उतरत होत्या. सखुबाई काठावर उभ्या होत्या. उत्तराताईंना पाहून त्यांनी पाठ फिरवली नाही. उत्तराताईंनी हात पुढे केला. सखुबाईंनी तो धरला नाही, पण पाऊल पायरीवर ठेवलं.

त्या एकेक पायरी भिंतीला धरून उतरल्या. दुसऱ्या सज्ज्यावर पोचेपर्यंत सुनांची बडबड आपोआप थांबली होती. सखुबाई कमानीखाली बसल्या. वरून ऊन आलं, पाणी हललं, प्रकाश त्यांच्या पांढऱ्या केसांवरून सरकत गेला. त्या हळूच म्हणाल्या, "केवढं आहे गं हे. आणि आपण वर भांडी घासत होतो."

उत्तराताई त्यांच्या शेजारी बसल्या. दोघींचे पाय खालच्या ओल्या पायरीवर होते, आणि दगड गार होता.