पेटीतला चेंडू

"एकाले एकच," खुशाल गुरुजी म्हणाले आणि लिमलेटच्या गोळ्यांची पुडी त्यांनी पहिल्या बाकावर उघडली.

"चंद्रकांता बाईनं दोन-दोन देल्या होत्या, गुरुजी," डोमा म्हणाला. डोमा म्हणजे पाचवी ब चा मॉनिटर. अंगानं काडी, पण आवाज असा की तलावापलीकडं ऐकू जावा.

"तिची गोष्ट येगळी. घे गपचूप."

डोमानं पुडी मागं फिरवली आणि गुरुजींच्या तोंडाकडं पाहून त्यालाच दया आली.

"तुमी घाबरू नोका, गुरुजी. आमाले सारं पाठ आहे. पयले इन, मंग ऑन, मंग अंडर. तुमी फक्त बॉल ठेवत जा, आमी बोलत जातो."

यात फुशारकी नव्हती. भंडाऱ्याच्या त्या तलावाकाठच्या शाळेत दरवर्षी बीएडवाले सरावाचे पाठ घ्यायला यायचे. ज्याची मेथड, म्हणजे शिकवायचा विषय, इंग्रजी तो पाचवी ब मध्ये यायचा. प्रत्येकाच्या हातात कॉलेजच्या स्टोअरातली तीच लाल लाकडी पेटी, तोच रबरी चेंडू, आणि बहुतेकांचा पाठही तोच. चेंडू पेटीत, चेंडू पेटीवर, चेंडू टेबलाखाली. दिवाळीपासून अकरा जणांनी हा चेंडू पाचवी ब ला दाखवला होता. मास्तर शिकत होते आणि वर्ग त्यांना शिकू देत होता, असा मामला. पहिल्या प्रश्नाला अर्धे हात वर, दुसऱ्याला सगळे. परीक्षक मागं बसला असेल तर खोकायचंसुद्धा नाही. गोळ्या आदल्या दिवशी मिळायच्या आणि पोट्टे दिल्या शब्दाला जागायचे.

खुशाल गुरुजी त्या बीएडवाल्यांत वयानं सगळ्यात मोठे. अडतीस पुरे. सिहोऱ्याच्या शाळेत चौदा वर्षं त्यांनी बाराखडी आणि पाढे शिकवले होते. नोकरी करता करता बाहेरून बीए झाले. मग पाचवीपासून इंग्रजी आलं, पुस्तकं आली, पण शिकवणारा काही आला नाही. इंग्रजीच्या तासाला पोरं शाळेतल्या झाडांना पाणी घालायची. झाडं मस्त वाढली. शेवटी हेडमास्तर श्यामराव म्हणाले, "खुशाल, बाहेरचा कोणी येत नाही इथं. तूच जाऊन ये."

गेले. आणि मागच्या वर्षी शेवटच्या पाठात आपटले. हात कापत होता तो कापतच राहिला, आणि एका पोरीला समजेना तेव्हा तोंडातून निघून गेलं, "अवो बाई, पेटीत, पेटीत!" परीक्षकानं पेन खाली ठेवलं. इंग्रजीच्या तासाला मराठी म्हणजे त्यांच्या लेखी पापच. मेथडचे मास्तर वासुदेवराव सर यांनी वहीत लाल शाईनं दोनच शब्द लिहिले होते. भीती. मराठी.

यंदा श्यामरावांनी जिल्हा परिषदेत कोणाकोणाचे पाय धरून पुन्हा रजा काढून दिली. तिसऱ्यांदा मिळणार नाही, हे ऑफिसातल्या माणसानं तोंडावर सांगितलं होतं. म्हणजे हा पाठ गेला की बीएड गेलं, आणि सिहोऱ्याची पोरं झाडांना पाणी घालत राहणार.

दिवाळीच्या सुट्टीत गुरुजींनी घरी गंज, लोटे, पायल्या मांडून पाठ घोकला होता. लोटा इज ऑन द चूल. लोटा इज अंडर द बाज. बायको रुखमिणीबाई तांदळातले खडे निवडता निवडता ऐकत होत्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "अवो, तुमी शिकवून राहिले का मंतर म्हणून राहिले?"

गुरुजींना राग आला होता.

गोळ्या वाटल्याच्या दुसऱ्या दिवशी तिसऱ्या तासाला नागपूरचे परीक्षक आले. उंच, वाळके, जाड भिंगाचा चष्मा. मागच्या बाजूला खुर्ची टाकून बसले. शेजारी वासुदेवराव सर. भिंतीला लागून सात-आठ बीएडवाले निरीक्षणाच्या वह्या घेऊन उभे, त्यात चंद्रकांताही होती. तिचा पाठ सकाळीच झाला होता. एक चूक नाही.

गुरुजींनी गुड मॉर्निंग केलं. बेचाळीस पोरांनी गुड मॉर्निंग परत केलं. पेटी टेबलावर ठेवली, झाकण उघडलं, तोंड वर्गाकडं केलं. सगळं टाचणाप्रमाणं. मग चेंडू उचलला, आणि तेवढ्यात हाताला कापरं भरलं.

चेंडू सुटला. दोन टप्पे खाल्ले आणि गडगडत टेबलाखाली जाऊन बसला.

 'पडला' हा शब्द गुरुजींच्या दातापर्यंत आला होता, तो त्यांनी गिळला. इंग्रजीतलं त्या वेळी एकच वाक्य त्यांना आठवत होतं, तेच बोलले.

"व्हेअर इज द बॉल?"

ठरल्याप्रमाणं अर्धे हात वर गेले आणि एका सुरात आवाज आला.

"द बॉल इज इन द बॉक्स!"

पेटी आ वासून सगळ्यांसमोर होती. रिकामी.

परीक्षकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. चंद्रकांतानं वही तोंडासमोर धरली. गुरुजींनी वाकून टेबलाखाली बोट दाखवलं. चेंडू तिथं चांगला लाल दिसत होता.

"व्हेअर इज द बॉल?"

डोमाला वाटलं, गुरुजी पुढच्या वाक्यावर गेले. त्यानं डोळ्यानंच धीर दिला, वर्गाला इशारा केला, आणि बेचाळीस हात वर गेले.

"द बॉल इज ऑन द बॉक्स!"

पोरांची काय चूक? त्यांनी ठरल्याबरहुकूम केलं होतं. अकरा मास्तरांनी त्यांना क्रम दिला, त्यांनी क्रम पाठ केला. गुरुजींच्या कानात रुखमिणीबाईंचा मंतर वाजला. त्यांनी एकेका तोंडाकडं नीट पाहिलं, आणि खिडकीजवळच्या शेवटच्या बाकावर नजर थांबली. तिथं बेबी बसली होती. तलावात शिंगाडे लावणाऱ्या ढीवराची पोरगी. तिचा हात वर होता, ओठ हलत होते, पण ओठांतून काही निघत नव्हतं. गुरुजींनी या वर्गावर सरावाचे चार पाठ घेतले होते. प्रत्येक वेळी प्रश्न पुढच्या बाकाला विचारला, कारण पुढचा बाक उत्तर देतो. सिहोऱ्याला असती तर ही पोरगी पहिल्या दिवशीच त्यांच्या ध्यानात आली असती.

त्यांनी टाचणाची वही बंद केली. टेबलाजवळ गुडघे टेकले आणि रुखमिणीबाईंनी तांब्यात निखारे घालून इस्त्री केलेल्या पँटीसकट टेबलाखाली शिरले.

आतून विचारलं, "व्हेअर इज गुरुजी?"

 मग एक जण फिसकन हसला, आणि सगळा वर्ग फुटला. गुरुजी बाहेर आले, खुर्चीवर चढले. "गुरुजी इज ऑन द चेअर." उतरले, पेटी खाली घेतली, उजव्या पायाची चप्पल काढून पाय पेटीत घातला. "फूट इज इन द बॉक्स." पुन्हा टेबलाखाली. या वेळी आतून फक्त विचारलं आणि वाट पाहिली. कपाळ टेबलाच्या फळीला लागलं होतं. डोमासुद्धा चूप. त्याचा क्रम मोडला होता आणि नवा त्याच्याजवळ नव्हता.

गुरुजी बाहेर आले. त्यांनी बेबीला हातानं बोलावलं. ती आली, पण अशी की जणू छडी खायला आली. त्यांनी टेबलाखालून आणलेला चेंडू तिच्या हातात दिला आणि दोन पावलं मागं सरकले.

 पोराला येत नसेल तर आपण किती वेळ गप्प बसायचं, हे त्यांना चौदा वर्षांत कळलं होतं. मागं परीक्षकांच्या पेनाचा आवाज येत होता, तोही थांबला.

बेबीनं चेंडूकडं पाहिलं, पेटीकडं पाहिलं. चेंडू पेटीत ठेवला. परत काढला. मग तो पोटाशी धरून वाकली आणि गुरुजी जिथं बसले होते तिथंच, टेबलाखाली जाऊन मांडी घालून बसली.

"अंडर," ती आतून म्हणाली. थोडं थांबून, आवाज वाढवून म्हणाली, "बेबी इज अंडर द टेबल."

हे वाक्य अकरांपैकी एकाच्याही टाचणात नव्हतं.

मग काय, रांगच लागली. कोणी बाकावर चढला, कोणी दाराआड, कोणी दप्तर डोक्यावर घेतलं. पोट्टे एका सुरात बोलायचे विसरले. चुकत होते, एकमेकांना ओढून दुरुस्त करत होते. घंटा झाली तेव्हा फळा कोरा होता आणि टाचणातलं निम्मं तसंच राहिलं होतं.

परीक्षक उठून टेबलापाशी आले.

"चेंडू मुद्दाम पाडलात का?"

त्यांच्या पाठीमागून चंद्रकांता मान हलवत होती. हो म्हणा, हो म्हणा. गुरुजींना ती दिसत होती.

"नाही, साहेब. हात कापत होता. सुटला."

परीक्षकांनी कागदावर काहीतरी लिहिलं, टोपण लावलं.

"बरं झालं," ते म्हणाले, आणि पुढचा पाठ कोणत्या वर्गात आहे ते विचारत निघून गेले.

वासुदेवराव सर दारात रेंगाळले. गुरुजींच्या गुडघ्यांवरची धूळ पाहून म्हणाले, "मराठीचा एक शब्द नाही आला तुमच्या तोंडून आज."

गुरुजींनी आठवून पाहिलं. "ध्यानातच नाही राह्यलं, सर."

"पेटी-चेंडू स्टोअरात जमा करून टाका. पुढच्या वर्षीच्या पोरांना लागेल." सर वळले आणि जाता जाता म्हणाले, "तुम्हाला आता लागत नाही."

गुरुजी व्हरांड्याच्या पायरीवर बसले ते बसलेच. जानेवारी सरत आला होता, उन्हात बरं वाटत होतं. पेटी मांडीवर घेतली. झाकण लावण्याआधी चेंडू हातात घेतला, इकडंतिकडं पाहिलं, आणि दसऱ्याला विळा-पावशी पुजून कपाळाला लावतात तसा कपाळाला लावला. हात अजून कापत होता. कापू दे.

"गुरुजी."

समोर डोमा उभा होता. मागं बेबी आणि आणखी तिघं. डोमाच्या हातात कागदाची पुडी होती आणि त्याचा तो मोठा आवाज कुठं गेला होता कोण जाणे.

"आमचं चुकलं, गुरुजी. तुमचा पाठ आमी बिघडवला. ह्या घ्या वापस."

गुरुजींनी पुडी उघडली. लिमलेटच्या गोळ्या होत्या, सगळ्या नाही. एक तर अर्धी चोखून पुसलेली. बाकी उकडलेले शिंगाडे, काळे, अजून ओलसर.

"बाकीच्याइनं खाऊन टाकल्या," डोमा म्हणाला. "त्याच्या बदल्यात शिंगाडे आहेत. बेबीच्या मायनं देल्ले होते डब्यात. तिच्या हातचे शिंगाडे गोड राह्यतात."

गुरुजींना सांगायचं होतं की पोरांनो, तसं नाही, तुमच्यामुळंच तर. तुम्ही आज चुकले नसते तर मी तसाच कोरा सिहोऱ्याला गेलो असतो.  पण त्यांनी पुडीतली ती अर्धी गोळी उचलली आणि तोंडात टाकली.

"काहून रडून राहिले, गुरुजी?" डोमा घाबरला.

"गोळी आंबट आहे बे."

कोणाला खरं वाटलं नाही. पोट्टे एकमेकांकडं पाहत उभे राहिले. बेबी मात्र एक पायरी वर आली, कमरेवर हात ठेवला, आणि मास्तरनं विचारावं तसं विचारलं,

"व्हेअर इज द गोळी?"

खुशाल गुरुजींनी आ करून दाखवला.