दोनशे पस्तिसावा दिवस

माझ्या कंपनीत तेव्हा कायम कर्मचारी एकच होता, तो म्हणजे मी. मालकही मीच असल्यामुळे मला कायम करताना फारसा त्रास झाला नाही. ऑफिस रोह्यात, इलियासभाईंच्या हार्डवेअरच्या दुकानावरची एक खोली. बाकी सगळं काम बाहेरून. कर्ज काढायचं नाही आणि माणसं पगारावर ठेवायची नाहीत, हे पहिल्याच दिवशी ठरलं होतं. माणूस पगारावर ठेवला की तो आजारी पडतो, नाहीतर त्याच्या बहिणीचं लग्न निघतं.

आमचं सॉफ्टवेअर धाटावच्या एमआयडीसीतल्या लेबर ठेकेदारांसाठी आहे. मी स्वतः तिथे आठ वर्षं टाइमकीपर होतो, मस्टर लिहायचो. ठेकेदाराला काय हवं असतं ते मला पाठ होतं. बाहेरच्या प्रोग्रामरना ते समजावताना मात्र नाकी नऊ आले. पहिला इंदूरचा. तिसऱ्या शिफ्टचा माणूस एका तारखेला आत जातो आणि दुसऱ्या तारखेला बाहेर येतो, हे त्याला पटेना. त्याने अख्खी तिसरी शिफ्ट दोन्ही दिवशी अर्धी गैरहजर लावली. मग पुण्याची एक एजन्सी धरली. त्यांनी तीन मीटिंगा घेऊन मला माझं स्वप्न काय आहे ते विचारलं. चौथ्या मीटिंगला मी गेलो नाही.

मग दिशा मिळाली. पेणजवळच्या जोह्याची, घरी बसून काम करणारी. पहिल्याच फोनला तिने विचारलं, "दादा, रिलिव्हर आला नाय आणि माणूस डबल थांबला, तर ती हजेरी कुठल्या तारखेला धरायची?" मी खुर्चीत सरळ बसलो. तिचे वडील जनूकाका एकोणीस वर्षं धाटावला ठेकेदाराकडे जात होते, म्हणून तिला हे सगळं घरातच कळलेलं. सहा महिन्यांत तिने सॉफ्टवेअर नव्याने लिहून काढलं. त्यातलं काय कुठे आहे ते तिला एकटीलाच माहीत होतं. मला या गोष्टीची काळजी वाटायला हवी होती. वाटली नाही.

सॉफ्टवेअर खपलं ते हजेरीमुळे नाही, ब्रेकच्या सूचनेमुळे. ठेकेदाराच्या माणसाचे सलग दोनशे चाळीस दिवस भरले तर तो उद्या कायम करा म्हणेल, अशी ठेकेदारांना धास्ती असते. म्हणून दिवस भरायच्या आत त्याला घरी बसवतात आणि काही दिवसांनी नवा माणूस म्हणून परत घेतात. याला ब्रेक म्हणतात. टाइमकीपर असताना या तारखा मी वहीत लाल पेनाने लिहायचो. आता दोनशे पस्तिसाव्या दिवशी ठेकेदाराच्या मोबाइलवर सूचना येते. आदर्शशेट म्हणजे आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, त्यांची तीनशे बारा माणसं. ते सूचना बघून म्हणाले, "एवढंच दिलं असतंस तरी चाललं असतं."

ते लिहिताना दिशाने एकदाच विचारलं, "सूचना गेल्यावर माणसाचं काय होतं?"

"विश्रांती मिळते," मी म्हणालो.

संध्याकाळपर्यंत तिने ते लिहून दिलं. मला वाटलं, पटलं.

आता माझी चूक. शेटना नमुना दाखवायला एक छोटा ठेकेदार भरायचा होता. मी माझीच कंपनी भरली. ठेकेदार मी. कामगार एक, दिशा जनार्दन म्हात्रे, रुजू सतरा ऑक्टोबर. ब्रेक किती दिवसांचा, या रकान्यात एकवीस टाकले, कारण तो आकडा चांगला दिसत होता. शेट गिऱ्हाईक झाले आणि मी ती नोंद पुसायला विसरलो.

जूनच्या आठ तारखेला मला सूचना आली. कामगार दिशा म्हात्रे, दिवस दोनशे पस्तीस, ब्रेक द्यावा. तपासणीसाठी प्रत्येक सूचनेची प्रत दिशाला जायची, तशी हीही गेली. दहा मिनिटांत तिचा मेसेज आला. "सूचना मिळाली. उद्यापासून ब्रेक. एकवीस दिवसांनी भेटू."

मी हसलो. मुलीला विनोद कळतो, असंही मनात आलं.

तिसऱ्या दिवशी शेटच्या गेटवरचं अंगठ्याचं मशीन आमच्या सॉफ्टवेअरशी बोलेनासं झालं. तीनशे बारा माणसं कामावर आणि तीनशे बारा गैरहजर. शेट म्हणाले, "सोमवारपर्यंत हजेरी लागली नाय, तर तुझं सॉफ्टवेअर बंद आणि आमची वही चालू." शेट गेले असते तर कंपनीत मी आणि खोलीचं भाडं एवढंच उरलं असतं. मी दिशाला फोन केला.

"ब्रेकमध्ये गेटच्या आत येता येत नाय, दादा," ती शांतपणे म्हणाली.

इंदूरवाल्याला फोन केला. त्याने आधी तिसरी शिफ्ट म्हणजे काय ते परत विचारलं.

तेरा तारखेला मोटरसायकल काढली. नागोठण्यापर्यंत मनात रागावलो होतो, पेणपर्यंत विनवण्यांवर आलो होतो. जोह्याला पोचलो तेव्हा एका मूर्तींच्या कारखान्याच्या पडवीत दिशा आणि जनूकाका बसून गणपतींना पॉलिशपेपर मारत होते. दोघंही पांढऱ्या भुकटीने माखलेले.

"पाणी दे गो त्यांना," जनूकाका म्हणाले. "मी पण ब्रेकवरच हाय. माझा पंधरा दिवसांचा. हिला एकवीस दिलात. कॉम्प्युटरवाल्यांना जास्त देतात काय?"

ते खरंच विचारत होते. मी म्हणालो, चूक झाली, नोंद आत्ता पुसतो, दिशाने फक्त लॅपटॉप उघडावा.

"चूक कसली?" दिशा म्हणाली. "नियम मीच लिहिलाय, बरोबर चालतोय. पुसू नका. मला कायम करा."

"विचार करतो."

"बाबांना एकोणीस वर्षं हेच सांगतायत."

जनूकाका माझ्याकडे निरखून बघत होते. "तुमी टाइमकीपर होतात, नाय? लाल पेनवाले?"

मी हो म्हणालो. त्यांच्या एकोणीस वर्षांतली आठ तरी "विचार करतो" असं त्यांना मीच सांगितलं असणार, आणि मला त्यांचा चेहराही आठवत नव्हता. मला लाज वाटली. पंचायत अशी की लाज वाटूनही सोमवार पुढे सरकत नव्हता. कोटेशनसाठी पिशवीत लेटरहेड ठेवतो, त्यातला एक कागद काढला आणि गुडघ्यावर ठेवून नेमणुकीचं पत्र लिहिलं. पद, पगार, सुट्ट्या. आजारपणाची रजासुद्धा लिहिली.

दिशाने ते हात न लावता वाचलं. "रुजू तारीख आजची नको. सतरा ऑक्टोबर घाला."

घातली.

"आणि ब्रेकची सूचना ठेकेदाराला जाते, ती त्या माणसालाही जाऊ दे. त्याच दिवशी."

"शेट सोडून जातील."

"आज थांबतील. नंतरचं नंतर बघू." तिने पॉलिशपेपर खाली ठेवला. "यातच लिहा, म्हणजे राहील."

मी लिहिलं. आठ वर्षं वहीत ज्यांच्या तारखा लिहिल्या, त्यातल्या एकालाही आधी कळवलं नव्हतं. पत्रावर सही केली. दिशा हात धुऊन आत लॅपटॉप आणायला गेली. अर्ध्या तासात मशीन बोलू लागलं आणि शेटची माणसं एकेक करून हजर झाली.

तोवर जनूकाकांनी नळावर जाऊन हात धुतले, कोपरापर्यंत. पंच्याला पुसले आणि ते पत्र दोन्ही हातांत धरून उजेडात नेलं. एकोणीस वर्षांत त्यांना असा कागद कोणी दिला नव्हता. ओठ हलवत त्यांनी ते पहिल्या ओळीपासून सहीपर्यंत वाचलं, मग परत वरून सुरू केलं.

"गो दिशा," ते म्हणाले, "यात तुझा ब्रेक कुठं लिहिलाय?"

"नाय लिहिलेला, बाबा."

जनूकाकांनी कागद उलटा केला आणि मागची बाजूही बघितली.