सावरगावची झोप

यमुनाबाईला सहा वर्षं झोप नव्हती. गादी होती, रजई होती, सुनेनं आणलेला पंखाही होता. झोप तेवढी नव्हती. नवरा गेल्यापासून ती डोळे मिटून पडायची आणि अख्ख्या पांढुर्ण्याच्या कुत्र्यांची हजेरी घ्यायची. म्हणून विहाराच्या हॉलमध्ये प्रणाली मॅडमनं झोपेसाठी योगाचा वर्ग काढला, तेव्हा ती पहिल्या दिवशी भांडायलाच गेली.

"झोप काय शिकवाची गोठ आहे वो पोरी? माहा नातू पोटातूनच शिकून आला."

"शिकवता येते का नाही, मले बी मालूम नाही, मावशी," प्रणाली म्हणाली. "तेच तर पाहून राहिली."

यमुनाबाई सतरंजीवर टेकली. मॅडम असून मालूम नाही म्हणणारी बाई तिनं पहिल्यांदाच पाहिली होती.

प्रणाली सौंसरची. नागपूरला एका मोठ्या सरांच्या हाताखाली योगानं रोग बरे करायचं शिकत होती. साठीच्या पुढं झोप उडालेल्या बायकांसाठी तिनं बारा आठवड्यांचा योग बसवला होता. पण नुसता बसवून भागत नव्हतं, तो लागू पडतो हे दाखवायचं होतं. म्हणून पांढुर्ण्याच्या वीस बायकांना योग, आणि जाम नदीपलीकडे सावरगावच्या वीस बायकांना काहीच नाही. त्यांनी नेहमीसारखं राहायचं. चाळीसहीजणींच्या मनगटाला रात्रंदिवस काळा पट्टा. कोण किती झोपलं ते पट्टा सांगणार. इकडे झोप वाढली अन् तिकडे नाही वाढली, की योग खरा. मग तो गावोगावच्या दवाखान्यांत शिकवता येणार होता. नंतर सावरगावचाही नंबर लागणारच होता. फक्त तोवर इकडचं तिकडे न्यायचं नाही, असं प्रत्येकीकडून लिहून घेतलं. दुसरीत सुटलेल्या शाळेतून यमुनाबाईनं तीनच अक्षरं जपून आणली होती. ती तिनं कागदावर वळणदार काढली.

"यमुनेची जबान आहे," ती म्हणाली. "पलटली असं सांगणारं एक माणूस दाखव."

दुपारी तीनला वर्ग भरायचा. आधी हातपाय मोकळे करायचे. मग वज्रासनात बसून कपाळ जमिनीला टेकवायचं. यमुनाबाईचे गुडघे नाही म्हणाले, तेव्हा प्रणालीनं तिच्यापुढं खुर्ची ठेवली, खुर्चीवर उशी, उशीवर कपाळ, आणि हा बदल वहीत लिहून घेतला. मग कानात बोटं घालून भुंग्यासारखं गुणगुणायचं. शेवटी सतरंजीवर उताणं पडायचं, आणि प्रणाली सावकाश एकेका अवयवाचं नाव घ्यायची. उजवा अंगठा. उजवं मनगट. उजवा खांदा.

दुसऱ्या आठवड्यात उजव्या आणि डाव्या खांद्याच्या मध्ये कुठंतरी यमुनाबाई निसटली.

सरकी काढलेल्या कापसासारखी हलकी झाली होती ती. खाली जाम नदी, पाण्यात ऊन, धुणं धुणाऱ्या बायका वर पाहत नव्हत्या. कार्तिकातच संत्र्याला बहार आला होता आणि त्या वासावर पाय ठेवत ठेवत ती पलीकडे गेली. सावरगावच्या माहेरघराचं दार उघडंच होतं. वीस वर्षांपूर्वी गेलेली माय ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मान वर न करता माय म्हणाली, "आली का? अन् रिकाम्या हातानं आली?"

यमुनाबाईनं डोळे उघडले तेव्हा कानात पाणी गेलं होतं. डोळ्यातलं.

"झोपल्या होत्या, मावशी. घोरत होत्या."

"मी? मी आयकून राहिली होती," यमुनाबाई तोऱ्यात म्हणाली.

वर्षातला एक दिवस या नदीच्या दोन काठांमध्ये गोटमारीचे दगड चालतात. बाकीचे दिवस लेकी-सुना चालतात. यमुनाबाई दर रविवारी पुलावरून भावाकडे जायची, आणि पदराखाली काही ना काही असायचं. वांगी, संत्री, नाहीतर जवसाची चटणी. भाऊ हिरामण शेतात असायचा. घरी भावजय पुष्पा. तिच्या मनगटावरही काळा पट्टा होता आणि डोळ्यांखाली काळं.

पहिला रविवार यमुनाबाईनं जीभ दातांखाली धरून काढला. दुसऱ्या रविवारी पुष्पानं संत्र्याची एकच फोड खाल्ली आणि बाकीचं तसंच ठेवलं.

"बाई, तुमचं तोंड कसं टवटवीत दिसून राहिलं. मले रात्र सरतच नाही वो."

"नंबर लागन तुहा."

"तीन महिन्यांनी? तवरक मी जागीच बसू?"

यमुनाबाईनं दाराकडं पाहिलं. ओसरीत ऊन पसरलं होतं, आणि माय जिथं शेंगा सोलत बसली होती तिथली जागा रिकामी होती. तिनं दार लोटलं.

"घाल बोटं कानात," ती म्हणाली. "अन् कोणाले सांगजो नको."

पुष्पानं कोणालाच सांगितलं नाही, फक्त शेजारणीला. शेजारणीनं फक्त बहिणीला. संक्रांतीपर्यंत दुपारी सावरगावच्या गल्लीतून असा गुणगुणाट येऊ लागला, की माणसं मोहोळ कुठं बसलं ते पाहायला झाडाखाली उभी राहत. मग त्यांनाही पेंग यायची.

माघात खरोखरचा बहार आला आणि पट्टे काढून घेतले. चार दिवसांनी बायका हॉलमध्ये आल्या, तर प्रणाली लॅपटॉप मिटून भिंतीला टेकून बसलेली.

"काऊन बसली वो अशी?"

"दोन्ही काठांवर झोप सारखीच वाढली," ती म्हणाली. "सर म्हणतात, थंडीनं झोपल्या असतील. माझ्या योगात काही नाही म्हणतात. कोणी कुठं शिकवणार नाही आता."

बायका हळहळल्या. कोणी पाणी आणलं. यमुनाबाई मात्र उठली, चपला घातल्या आणि फाटकापर्यंत गेली. सांगितलं तर वीस बायकांच्या तोंडात आपलं नाव उद्यापासून चघळायला. नाही सांगितलं तर योग पेटीत बंद, आणि कुठल्या कुठल्या गावी कोण्या बाया कुत्र्यांची हजेरी घेत पडणार. फाटकाशी उभं राहून तिला वाटलं, आपण अजून उताणं पडलेलो आहोत, कोणी तरी अवयव मोजतंय आणि जिभेपाशी येऊन थांबलंय.

ती परत आली.

"थंडी-गिंडी काही नाही. म्या शिकवलं."

मागून कोणी तरी फिसकन हसलं. "यमुनेची जबान वो बाई!"

"हास," यमुनाबाई मागे न पाहता म्हणाली. "तुह्या दातायले हवा लागन तेवढी."

प्रणाली ओरडली नाही. "किती जणींना शिकवलं?"

"एकीले. बाकी त्यायनं वाटून घेतलं."

"माझं वर्ष गेलं, मावशी."

हे ऐकल्यावर यमुनाबाईची मान खाली गेली. सून म्हणून आल्यापासून ती मान कोणापुढं खाली गेली नव्हती. "लिही मंग," ती म्हणाली. "यमुनेनं बिघडवलं म्हणून लिही. आडनाव घालून लिही."

प्रणालीनं सरांना फोन लावला, बाहेर जाऊन खूप वेळ बोलली. आत आली ती वही उघडूनच.

"पहिल्यापासून करायचं. सर म्हणतात, तिकडच्या बायकांसाठी असं गाव पाहा जिथं पांढुर्ण्याच्या कोणाचं माहेर नाही, कोणाची लेक दिली नाही. आहे असं?"

यमुनाबाईनं डोळे मिटले. तिगावला गेली, स्टेशनामागं वर्गातल्या वत्सलाच्या दोन्ही लेकी. लोधीखेड्याला गेली, तिथं चुलतनणंद चुलीपाशी बसली होती, तिनं वर पाहून पाट सरकवला. सौंसर, मग आडवाटेच्या वस्त्या, कपाशीचे धुरे, संत्र्याच्या बागा. जिथं जावं तिथं एक दार अर्धं उघडं, आणि आत कोणी बाई पदराला हात पुसत म्हणतेय, या. किती वेळ गेला कोण जाणे.

"नाही पोरी," ती डोळे उघडून म्हणाली. "असं गाव नाही."

"मग?"

"त्यायले रिकामं ठेवू नको. त्यायलेही तीन वाजता बोलाव, सतरंजी टाक, गोठी सांग, चहा पाज. फक्त योग देऊ नको. बाईच्या हाती आपलं काही असलं की ती दुसरीच्या दारी मांगाले जात नाही. अन् चार जणींत बसल्यानं झोपल्या का योगानं झोपल्या, हेही समजन तुले."

प्रणालीचा पेन थांबला. मग इतका भरभर चालू लागला की यमुनाबाईला त्याचीच गुंगी आली.

"आण तो कागद," ती म्हणाली. "सही करतो. या डाव बोट दाखवाले जागा ठेवणार नाही."

"तुम्ही नाही चालत, मावशी."

"काऊन? एका गलतीनं?"

"नाही. झोप नसलेल्या बायका पाहिजेत," प्रणाली म्हणाली. "तुम्ही झोपता आता."

सहीसाठी पुढं केलेला हात यमुनाबाईनं मागं घेतला. खिडकीतून बहाराचा वास येत होता. तिला उत्तर द्यायचं होतं, चांगलं झणझणीत, ते जिभेवर आलंही होतं. पण मध्येच भलीमोठी जांभई आली, आणि ती तिनं कोणापासून लपवली नाही.