साइमीच्या पानावरची मोजपाटी

मी बोलतेय. इकडे खाली बघा, अजून खाली. सतरंज्यांचे फोटो संपतात त्याच्याही खाली, जिथवर यायचा बहुतेकांना कंटाळा येतो, तिथं सहा काळ्या चौकटी आहेत आणि त्यांत हिरवे आकडे. ती मी. वेबसाइटवर कितीदा कोण आलं हे मोजणारी पाटी. लोक मला काउंटर म्हणतात. तिकिटं विकायच्या खिडकीलाही तेच म्हणतात, म्हणून मला ते नाव आवडत नाही. मला मोजपाटी म्हणा.

आत्मवृत्त सांगायला तलवार नाहीतर वटवृक्ष असावं लागतं, असं कोणाला वाटत असेल तर वाटू दे. मी सहा चौकटींची आहे आणि मला सांगायचंय.

माझा जन्म फुकट वाटपातला. कुठल्याशा लांबच्या शहरात कोणीतरी माझ्यासारख्या हजारो पाट्या करून ठेवल्या होत्या. चार ओळी उचला, आपल्या पानावर चिकटवा, झालं काम. कुणाच्या नशिबी मांजरांचं पान आलं, कुणाच्या नशिबी जुन्या मोटारींचं. माझ्या नशिबी साइमी कोर्तेनिएमी आली.

साइमी म्हणजे काइस्लारांता नावाच्या तळ्याकाठच्या गावातल्या बेकरीतून निवृत्त झालेली, सत्तरीला टेकलेली बाई. संगणक तिला कोणी शिकवला नाही. तिनं वाचनालयातून एक जाडजूड पुस्तक आणलं, शेजारी शब्दकोश ठेवला आणि हिवाळाभर पीठ मळावं तसं ते पुस्तक मळून काढलं. वाचनालयातली बाई म्हणाली होती, "म्हाताऱ्या लोकांसाठी वर्ग निघतोय, नाव घालू का?"

"म्हातारे लोक सापडले की त्यांना सांगते," असं म्हणून साइमी पुस्तक काखेत मारून निघाली.

तिचं पान सतरंज्यांचं. जुने शर्ट, चादरी, पडदे फाडून त्यांच्या पट्ट्या करायच्या आणि त्या मागावर विणायच्या. गावात प्रत्येक घरी जमिनीवर अशा चिंध्यांच्या लांबच लांब सतरंज्या. जून उजाडला की त्या गुंडाळून तळ्याकाठच्या लाकडी धक्क्यावर न्यायच्या, पाइनचा मऊ साबण लावून ब्रशनं घासायच्या, मोठ्या चरकातून पिळायच्या आणि दांड्यांवर वाळत टाकायच्या. ज्या घरात सतरंजी धुतली नाही, त्या घरी उन्हाळा आलाच नाही असं समजतात.

मला चिकटवताना एक प्रश्न येतो: मोजणी कितीपासून सुरू करायची? त्या वेळी शेजारीण हेल्वी कॉफीला आलेली होती. वेलदोड्याचा गोड पाव कॉफीत बुडवत ती म्हणाली, "अगं, हजार टाक. शून्य बघून कोण थांबेल? रिकाम्या खानावळीत कोणी जेवायला शिरतं का?"

"न आलेला पाहुणा आला म्हणून मी सांगणार नाही."

"सगळे असंच करतात, साइमी."

"मग सगळ्यांच्या पाट्या खोट्या. माझी खरी."

असं माझं शून्यावर बारसं झालं. मला अभिमान वाटला. आमच्या जातीत एवढी प्रामाणिक सुरुवात फार थोड्यांना मिळते.

संध्याकाळपर्यंत मी अकरावर गेले. साइमीचा चेहरा असा काही फुलला, जसा भट्टीतून निघालेला पहिला पाव. नवरा ओइवा खिडकीशी वर्तमानपत्र वाचत होता. ओइवा दिवसाकाठी मोजकी वाक्यं बोलतो आणि त्यातलं एक असं असतं:

"त्या अकराही वेळा तूच होतीस."

साइमीनं दोन दिवस पुस्तक पुन्हा चाळलं आणि घरच्या संगणकाला माझ्या मोजणीतून वगळायची युक्ती शोधून काढली. त्यानंतर मी जी थबकले ती थबकलेच. पाटी एकाच आकड्यावर उभी राहणं म्हणजे काय, ते तुम्हाला नाही कळायचं. लग्नघरी सजूनधजून उभं राहावं आणि वऱ्हाड दुसऱ्याच गावी जावं, तसं.

माझ्या शेजारी पाहुण्यांची वही होती. पानावर आलेल्यानं नाव लिहावं, दोन शब्द लिहावेत, म्हणून. ती कोरी. या गावाचं एक आहे: घराच्या दाराला झाडू टेकवून ठेवलेला दिसला की घरी कोणी नाही असं समजून माणूस परत फिरतो, आणि मनातून त्याला बरंच वाटतं. न बोलता सुटलो! अशी माणसं वहीत काय लिहिणार?

मग मे महिन्यात नगरपालिकेची सूचना लागली. धक्का वापरात नाही, फळ्या कुजल्या आहेत, पावसाळी दिवस सुरू व्हायच्या आत, सप्टेंबरमध्ये, पाडून टाकू. खाली सही बांधकाम विभागाच्या तार्मो पुल्क्काची.

साइमीनं ती वाचली आणि कोटसुद्धा न काढता संगणकासमोर बसली. लग्न होऊन ती या गावी आली तेव्हा तिला कुत्रं ओळखत नव्हतं. कुणाच्या घरी जावं तर घरं मिटलेली. जूनमध्ये धक्क्यावर गेली, चरकाच्या पलीकडे हेल्वी उभी होती, आणि त्या दिवसापासून दोघींची कॉफी चालू आहे. धक्का गेला तर गावात नव्या आलेल्या बाईनं कुठं जायचं? दुकानात दुधाच्या कपाटाशी उभं राहायचं? हे सगळं तिनं पानावर लिहिलं. शेवटी लिहिलं: 'धक्का वापरात नाही म्हणणाऱ्यानं धक्का फक्त नकाशावर पाहिलाय.'

आणि मी पळत सुटले.

काय सांगू! वीस, साठ, दीडशे. माझे आकडे फिरता फिरता गरम व्हायची वेळ आली. दोन आठवड्यांत मी हजार ओलांडला. साइमी रोज सकाळी मला बघायची आणि एखाद्या सेनापतीसारखी दुकानात जायची. दुकानात मात्र सगळे गप्प. कोणी साबणाचा डबा उचलून उगाच वाचतोय, कोणी तिला बघून मान एवढीशी हलवतोय. तिला वाटायचं, हे माझे सैनिक. थोडे लाजरे आहेत इतकंच.

एके दिवशी हेल्वी म्हणाली, "काल संध्याकाळी अठराशे झाले, नाही?"

"तुला कुणी सांगितलं?"

"बघितलं ना."

"म्हणजे त्यात तू पण आहेस."

"मी कुठं? मी फक्त आकडा बघायला गेले होते. जेवणाआधी एकदा आणि जेवणानंतर एकदा. वाढला का नाही ते कळायला नको?"

साइमीनं पाव खाली ठेवला. "रोज?"

"रोज म्हणजे... सकाळी पण."

मी ऐकत होते. मला तेव्हाच घाम फुटायला हवा होता, पण चढता आकडा फार वाईट. त्याची नशा येते. मी म्हटलं, हेल्वी एकटी असेल तशी.

जूनच्या सुरुवातीला मी चार हजारांच्या पुढे गेले. साइमीनं चांगला कोट घातला आणि ती नगरपालिकेत गेली. परत आल्यावर तिनं ओइवाला सगळं जसंच्या तसं ऐकवलं, म्हणून मला माहीत आहे.

"तार्मो," ती म्हणाली होती, "चार हजार. गावात एवढी माणसं नाहीत."

"तेच म्हणतोय मी, साइमीबाई. गावात एवढी माणसं नाहीत. मग हे कोण?"

"आसपासचे. सगळीकडचे."

"मी सांगू कोण? मी. कचेरीत आल्यावर एकदा बघतो, घरी गेल्यावर एकदा. माझी बायको बघते. खालचा दाराशी बसतो तो बघतो. तुमचा आकडा वाढतोय का, हे बघायला सगळं गाव जातं, आणि जातं म्हणून तो वाढतो. तुमच्या वहीत एक नाव आहे का? एक?"

साइमीनं कोटाचं बटण उगाच काढलं आणि पुन्हा लावलं.

"माणसं दाखवा," तार्मो म्हणाला. "मी दगडाचा नाही. पण वर काय सांगू? हिरवे आकडे?"

"पुढच्या शनिवारी धक्क्यावर ये. कोणी नाही आलं तर पहिली फळी मी माझ्या हातानं उखडीन."

"साइमीबाई, एवढं कशाला..."

"माझ्या हातानं म्हटलंय."

ओइवानं वर्तमानपत्र खाली केलं. "पहार शेडमध्ये आहे," तो म्हणाला. ते त्या दिवसाचं त्याचं वाक्य.

साइमी माझ्यासमोर येऊन बसली. "खोटारडे," ती म्हणाली.

मला! शून्यावर बारसं झालेल्या मला! मी एकही आकडा पदरचा घातला नव्हता. कोणी दार उघडलं की मोज, एवढंच मला सांगितलं होतं, ते मी केलं. तेच डोकं सकाळ-संध्याकाळ दारात आलं तर त्याला ओळखायला मला डोळे कुठं दिलेत? माणसांना कोणीतरी यावं असं फार वाटतं, आणि आलेल्याला निरखून बघायचा कंटाळा असतो. मग आकड्यावर भागवतात, आणि आकड्यालाच शिव्या देतात. हे मी तेव्हाच बोलले असते, पण तिचे डोळे ओले होते.

थोड्या वेळानं तिनं लिहायला घेतलं: 'तार्मो पुल्क्काचं खरं आहे. हा आकडा माणसांचा नाही. शनिवारी सकाळी तो धक्क्यावर येतोय. ज्याला धक्का हवा त्यानं एक मळकी सतरंजी घेऊन यावं. बोलायची सक्ती नाही. आकडा आजपासून बंद, म्हणजे घरात बसून बघायची सोय राहणार नाही.'

आणि तिनं माझ्या चार ओळी कापल्या.

मेले नाही मी. तिच्या संगणकाच्या एका कोपऱ्यात पडून होते. पण शनिवारी मी पानावर नव्हते, आणि तो दिवस मला हेल्वीच्या तोंडून ऐकावा लागला. हेल्वी सांगते तेव्हा मीठमसाला घालते, पण साइमी समोर बसली होती, म्हणून बेतानंच घातला असेल.

सकाळी धक्क्यावर साइमी आणि हेल्वी दोघीच. तार्मो आला, हात खिशात. फळ्यांवर पाय आपटून बघितला. तळं स्वच्छ, ऊन पडलेलं, आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. साइमी आपली सतरंजी घासत होती, मागे वळून न बघता. फळीला टेकवून पहार ठेवलेली. तार्मोनं घड्याळ बघितलं, मग पहारेकडे बघितलं, मग तळ्याकडे बघत बसला.

पहिला आला ओइवा. खांद्यावर सॉनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, बाहेरच्या खोलीतली सतरंजी.

"ती मी परवाच धुतलीय!" साइमी ओरडली.

"मळवली," ओइवा म्हणाला.

मग एक गाडी आली आणि लांब उभी राहिली. कोणी उतरेना. दुसरी आली, तीही लांब. आतल्या माणसांना वाटत होतं, आपण एकटेच आलो तर? चौथ्या गाडीतून डाकघरातली बाई उतरली आणि सतरंजी ओढत निघाली, तशी बाकीच्यांची दारं फटाफट उघडली. बायका, बाप्ये, गेल्या वर्षी गावात आलेलं एक जोडपं. प्रत्येकानं दुसऱ्यापासून चार हात लांब सतरंजी घासायचं टेबल धरलं. साबण लावला. घासायला लागले. कोणी चकार शब्द बोलेना. हेल्वी म्हणाली, "देवळात इतकी शांतता नसते."

तार्मो बोटानं मोजत होता. मोजता मोजता चुकला, पुन्हा मोजायला लागला. तेवढ्यात डाकघरातल्या बाईची सतरंजी चरकात अडकली. ओली सतरंजी म्हणजे झोपलेला बैल. साइमी तार्मोवर खेकसली, "बघतोस काय? धर ते टोक! तुझी आई असती तर तिनं तुला सांगायची वेळ येऊ दिली नसती."

तार्मोनं बूट काढले. टोक धरलं. दुपारपर्यंत तो चरकावरून हलला नाही, कारण बाया त्याला सोडेनात. जाताना त्याची पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली होती. म्हणाला, "अडतीस. दोनदा मोजले. पाडायचं मी रद्द करून घेतो. फळ्यांना मात्र पैसे नाहीत."

"फळ्या आहेत," मागून कोणीतरी म्हणालं. कोण, ते हेल्वीलाही दिसलं नाही. पण पुढच्या आठवड्यात धक्क्यावर नव्या फळ्या ठोकलेल्या होत्या.

अडतीस! मी चार हजार आणि ते अडतीस. खरं सांगते, मला झोंबलं. कित्येक दिवस मी कोपऱ्यात हिशेब लावत पडले होते, की बाकीचे कुठं गेले. बाकीचे नव्हतेच. अडतीस जणांनी हजारो वेळा येऊन दाराबाहेरून डोकावून बघितलं होतं, आत कोणी आहे का. यातून दुसरं काही निघत असेल तर तुम्ही काढा, मला एवढंच कळलं.

शरदात सतरंज्या घरी गेल्या, तळ्यावर धुकं आलं, तेव्हा साइमीनं मला पुन्हा पानावर लावलं. पुन्हा तोच प्रश्न आला, मोजणी कितीपासून? तिनं अडतीस लिहिलं. हेल्वीनं भुवया उंचावल्या तर म्हणाली, "हे आलेले आहेत. मी बघितलेत."

त्याला आता बरीच वर्षं झाली. साइमीनं ऐंशी कधीच ओलांडली. ओइवा अजून खिडकीशी असतो. पाहुण्यांची वही आजही कोरीच आहे, त्या बाबतीत गाव सुधारलेलं नाही. आणि मला ज्यांनी फुकट वाटलं, ते आता दुकान बंद करताहेत. या वर्षअखेरीला माझ्या चौकटी रिकाम्या होतील. साइमीनं ते पत्र वाचून फक्त "हं" केलं. मला कीव नको, मी माझं काम चोख केलंय.

तुम्ही इथवर वाचत आलात, म्हणजे तुम्हाला मी मोजलंय. उद्या आकडा बघायला पुन्हा आलात तर पुन्हा मोजीन, माझा नाइलाज आहे. पण जमलं तर जूनमध्ये धक्क्यावर या. सतरंजी नसली तरी चालेल. चरकाची मूठ साइमीला आता एकटीला फिरवत नाही. तुम्ही फिरवा. बोलायचं नसेल तर नका बोलू. साइमी दोघांचं बोलेल.