रुखमाबाईच्या नावाच्या ओळी

धर्मपालचं पत्र मला २००५च्या संक्रांतीला आलं. त्याला मी उत्तर दिलं नाही. पत्र हरवलं नव्हतं. वेळ नव्हता असंही नाही, निवृत्त मास्तराजवळ दुसरं असतं काय? उमरखेडच्या माझ्या खोलीत ते जाड शब्दकोशात ठेवलं होतं आणि पुढे मी तो शब्दकोश उघडायचंच सोडून दिलं.

"गुरुजींना सप्रेम जयभीम," त्यानं लिहिलं होतं. "दमा लय वाढला. एक काम आहे. एकाहत्तरच्या लढाईत मी घरी नऊ चिठ्ठ्या धाडल्या. तुम्हीच वाचून दाखवत होते. दर चिठ्ठीत खाली रुखमासाठी वेगळं लिहत होतो. ती म्हणते, असं काही नव्हतंच, म्हातारपणी बनवून सांगून राह्यले. तेहतीस वर्सं झाले, घरात हेच चालू आहे. चिठ्ठ्या उंदरानं खाल्ल्या. त्या ओळी होत्या का नाही, एवढंच तिच्या नावानं लिहून पाठवा. मंग मी मोकळा."

होत्या. मी त्या वाचल्या नव्हत्या.

तेव्हा मी बोरी अरबच्या शाळेत मास्तर होतो आणि शाळेच्याच एका खोलीत टपालाचं कामही माझ्याकडे होतं. ज्यांना वाचता येत नसे त्यांच्या घरी जाऊन मी पत्र वाचून दाखवी आणि उत्तरही तिथंच बसून लिही. धर्मपालच्या घरी सैन्य नवीन नव्हतं. त्याचे वडील डोमाजी महायुद्धात ब्रह्मदेशात लढून आले होते. छप्पन साली त्यांनी नागपूरला दीक्षा घेतली आणि परत आल्यावर पोराचं नाव बदलून धर्मपाल ठेवलं. पोरगा पुढे महार रेजिमेंटमध्ये भरती झाला. डोमाजी वारल्यावर घरात सासू आणि सून दोघीच होत्या. लग्नाला दीड वर्ष झालेलं.

मी अंगणात बाजेवर बसायचो. सासू समोर, रुखमाबाई दाराआड, आणि शेजारच्या चार बाया कुडाला टेकून. आईला नमस्कार, बैलाच्या खुराची चौकशी, एवढं मी खणखणीत वाचायचो. मग खालच्या ओळी येत. "रुखमा, इथं बोटं गारठून गोळी भरता येत नाही. तवा तुह्या ओटीतला कापूस आठवते, उन्हात तापलेला. त्यात दोन्ही हात खुपसून बसावं वाटते." माझे कान तापत. परक्या माणसाच्या बायकोला, तिच्या सासूसमोर, हे कसं वाचायचं? मी म्हणायचो, "बाकी सर्व क्षेम." आणि घडी घालायचो.

लढाईतली पत्रं वरचा साहेब उघडून वाचतो, हे धर्मपालला माहीत होतं. तरी त्यानं लिहिलं. मला मात्र वाचायची लाज वाटली.

एकदा दाराआडून रुखमाबाई हळूच म्हणाली, "लिवा, लौकर या म्हना." सासूनं मान वळवून पाहिलं. मी लिहिलं, "इकडील काळजी नसावी." दरवेळी सासू लोटीभर पाणी पुढे करी आणि मी तहान नाही म्हणे. तहान असायची. ते का प्यायलो नाही हे मला ठाऊक आहे, वाचणाऱ्यालाही कळेल.

सुरुंगात डावं पाऊल गेलेला धर्मपाल बहात्तर साली परतला. चार महिने तिच्या एका शब्दाची वाट पाहून आलेला. ती त्याच्या एका शब्दाची. दोघांनी संसार केला, पण तो काळी माती तुडवावी तसा, दर पावलाला ढेकूळ चिकटलेलं. मुलगा राजदीप तीनदा भरतीला गेला. तिन्हीदा छाती अर्धा इंच कमी भरली. आता तो राजूरच्या कोळसा खाणीत ठेकेदाराकडे आहे.

पत्र येऊन नऊ वर्षं झाली. मागच्या महिन्यात धर्मपाल वारल्याचं कळलं. पुण्यानुमोदनाच्या विधीला मी एसटीनं बोरीला गेलो. सांगून टाकायचं, असं वाटेत दहा वेळा ठरवलं.

मांडवात फौजी वेशातला फोटो होता. रुखमाबाई भिंतीला टेकून बसली होती. मला ओळखायला तिला वेळ लागला नाही.

"या गुरुजी. तुमी लई उशिरा आले. ते च्यानलवाले पयले आले होते."

"कोण?"

"यवतमाळहून गाडी आली. गावात मयत झाली म्हणून धावले. इचारते, आजी, कपाशी किती एकर? फवाऱ्याचं औषध पेऊन मेला का? म्हटलं, नाई बापा, दम्यानं गेला, फौजी होता. पोट्ट्यानं क्यामेरा बंद केला, म्हणे चला." ती हसली. "मरायलेबी कापूस लागते आता."

बाया हसल्या. मी हसलो नाही, पण मान हलवली. मान हलवणं मला चांगलं जमतं.

नात उर्वशी आजीजवळ पदकांचा डबा घेऊन बसली होती. बारावीला आहे म्हणे. "आजी, हे फोटोखाली ठेवू?"

"तुह्या बापाले दे. मले नको."

"असं काहून करतं आजी? आबा मरेपर्यंत सांगत होते, मी लिवलं होतं म्हणून."

"लिवलं होतं!" रुखमाबाई एकदम ताठ बसली. "हे बसले ना वाचणारे. इचार यायले. सांगा गुरुजी पोरीले, नऊ चिठ्ठ्यांत माह्यं नाव होतं काय? बैलाचं नाव होतं. ढवळ्याच्या खुराले तेल लावजा, हे मले आजून पाठ आहे."

सगळा मांडव माझ्याकडे पाहू लागला. उर्वशी तर अशी पाहत होती की माझ्या तोंडून हो निघालं तर ती उडी मारेल.

"फार वर्षं झाली, रुखमाबाई," मी म्हणालो. "आता नेमकं आठवत नाही."

"पाह्य," रुखमाबाई नातीला म्हणाली. पोरीनं डब्याचं झाकण लावलं.

मग उर्वशीनं मला पाणी आणून दिलं. मी सगळं प्यायलो. त्यानं काय होणार होतं?

मला सगळं आठवत होतं. नुसत्या ओळी न वाचण्याचा अपराध असता तर धर्मपालला मी तेव्हाच उत्तर दिलं असतं. निदान मला तसं वाटतं. पण त्या ओळी मी घडी घालण्याआधी मनात ठेवत होतो आणि घरी येऊन वहीत उतरवत होतो. बहात्तरच्या उन्हाळ्यात माझं साक्षगंध झालं. होणाऱ्या बायकोला, विमलला, पत्र लिहायला बसलो तर मला एक वाक्य सुचेना. इतकी पुस्तकं वाचलेला माणूस मी! शेवटी वही काढली आणि त्याच्या ओळी माझ्या म्हणून लिहिल्या. गोळीच्या जागी तेवढा खडू घातला.

विमल दारव्ह्याच्या हेडमास्तरांची मुलगी. लग्नानंतर तिनं हसून विचारलं, "मी कधी कापूस वेचला हो? आणि मे महिन्यात बोटं कशी गारठली तुमची?" मग स्वतःच म्हणाली, "लिहिणारी माणसं, काहीही लिहिता." ते पत्र तिनं लग्नाच्या शालूच्या घडीत जपलं. चार वर्षांपूर्वी ती गेली. जाण्याआधी आमच्या सुनेला म्हणाली होती, हे बोलत नाहीत, पण यांना आतून फार आहे.

वही केव्हाच वाळवीनं खाल्ली. पुरावा म्हणून उरलं होतं ते हे एक पत्र.

बोरीहून परतल्यावर तिसऱ्या दिवशी मी विमलची पेटी उघडली. पत्र काढलं. वाचलं नाही. कोऱ्या कागदावर लिहिलं: "रुखमाबाईस, नऊही पत्रांत तुमचं नाव होतं. सासूबाईंसमोर मला वाचायची लाज वाटली म्हणून मी गाळलं. धर्मपाल खरं बोलत होता. तुम्ही 'लौकर या' म्हणालात तेही मी लिहिलं नाही. सोबत माझ्या बायकोला लिहिलेलं पत्र आहे. त्यातली खालची सात वाक्यं माझी नाहीत, तुमची आहेत. खडू आहे तिथे गोळी वाचावी." खाली उर्वशीसाठी लिहिलं: "आजीला सर्व मोठ्यानं वाचून दाखव. चारचौघांत वाचलंस तरी चालेल. एकही ओळ गाळू नकोस." क्षमा मागणारं एक वाक्य लिहून खोडलं. ते वाचून त्यांनी काय करावं?

विमलच्या पेटीत आता माझ्या हातचं काही नाही.

सकाळी पोस्टात रांग होती. खिडकीतल्या मुलीनं पाकीट वजनकाट्यावर ठेवलं. "काका, रजिस्टर करायचं?"

"हो. पोचायला किती दिवस?"

"बोरी अरब? तीन दिवस."

तिनं शिक्का मारला. मी पावती घेतली आणि तिथंच उभा राहिलो. मागचा माणूस म्हणाला, "काका, झालं ना तुमचं? सरका मंग."

मी सरकलो.