मोगऱ्याची पुडी

पारोळ्याच्या स्टँडवर धुळ्याची एसटी लागली तेव्हा मगन आईच्या पदराआड अजून पीतच होता. कंडक्टर घंटी मारत होता, आणि देवचंद दोन्ही हातांत पिशव्या घेऊन गाडीच्या दारातून ओरडत होता, "सुनंदा, अगं चल ना! जागा जाईल!"

सुनंदानं घाईघाईनं पोराला सोडवलं, त्याचं ओलं तोंड पदरानं पुसलं आणि त्याच्या कानाशी म्हणाली, "आल्यावर हं, राजा. आल्यावर पोटभर." मग त्याला सासूच्या कडेवर दिलं.

सासूचं नाव पार्वताबाई, पण साऱ्या गल्लीच्या त्या अक्का होत्या, सुनेच्याही अक्काच.

"अक्का, पाणी उकळून गार केलेलंच द्या. वरण पातळ करा. रात्री कूस बदलली की चादर काढून टाकतो, तेवढं—"

"जाय माय, बिनघोर जाय," अक्का आपल्या अहिराणीत म्हणाल्या. "पोरगं मनाजोडे शे. बठ्ठं व्हई जाई." पोर आपल्यापाशी आहे, सगळं नीट होईल, असा त्यांचा दिलासा.

पायरीवर एक पाय ठेवल्यावर सुनंदाच्या मनात काय आलं कोण जाणे, तिनं मागं वळून विचारलं, "अक्का, एवढ्याशा दिवसांत दूध जात नाही ना हो?"

अक्का नातवाच्या टोपीची नाडी बांधत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. गाडीच्या आवाजात ऐकू आलं नसावं, असं म्हणून सुनंदा आत जाऊन बसली.

देवचंद धुळ्याच्या हायस्कुलात भूगोल शिकवायचा. निळ्या खडूनं त्यानं फळ्यावर कितीतरी समुद्र काढले होते; डोळ्यांनी मात्र एकही पाहिला नव्हता. सुनंदाचीही तीच गत. जळगावला बी.ए. करताना कॉलेजची सहल मुंबईहून बोटीनं गोव्याला निघाली होती. वडलांनी नाव घालू दिलं नाही. "लग्न झाल्यावर नवऱ्यासोबत जा, कुठं जायचं तिथं," म्हणाले. लग्न झालं, पाठोपाठ मगन झाला, आणि समुद्र राहिला तो राहिलाच.

म्हणून या मे महिन्यात अक्कांनी आपण होऊन म्हटलं, पाऊस लागला की गोव्याची बोट बंद होते म्हणतात, आत्ताच फिरून या दोघं, पोराला मी सांभाळते, तेव्हा सुनंदाला भरून आलं. धुळ्याच्या घरमालकीण बेबाबाई म्हणाल्यासुद्धा, "अशी सासू दिवा घेऊन शोधली तरी मिळायची नाही हो." सुनंदाला मग हिवाळ्यापासून चाललेल्या कुरबुरीची लाज वाटली. अक्कांचं एकच पालुपद असायचं: पोरगं दीड वर्षाचं होत आलं, भाकरीला तोंड लावत नाही, अन् तुझ्या गालाची हाडं वर आली; तोड आता त्याचं अंगावरचं. सुनंदाकडं दर वेळी नवं कारण तयार. आधी दाढा येत होत्या, मग गल्लीत गोवर आला, मग ऊन वाढलं. "उन्हाळा जाऊ द्या, अक्का." अक्का गप्प झाल्या होत्या. पटलं असेल, असं तिनं धरून चाललं होतं.

मुंबईत ते गिरगावातल्या एका लॉजवर उतरले. दोन दिवस मुंबई पाहायची आणि तिसऱ्या दिवशी सकाळी भाऊच्या धक्क्यावरून बोट धरायची, असं देवचंदनं आखलं होतं. पिशवी उघडताना तळाशी धुऊन मऊ केलेल्या जुन्या लुगड्याचा एक लांब पट्टा निघाला. अक्कांनीच घातला असणार. बोट लागली तर पोटाला बांधायला असेल, असं सुनंदाला वाटलं. म्हातारीला किती बारीक सुचतं, म्हणून तिला हसूही आलं.

पहिल्या दिवशी म्युझियम झालं. देवचंद प्रत्येक कपाटापुढं उभा राहून असा समजावत होता की दोन अनोळखी माणसंही मागं येऊन ऐकू लागली.

"सर, मधली सुट्टी कधी होणार?" सुनंदानं हळूच विचारलं.

"मागच्या बाकावरच्या मुलींनी बोलू नये," तो म्हणाला, आणि दोघं हसत सुटले. लग्नानंतर असं भर दिवसा, लोकांदेखत हसल्याचं तिला आठवत नव्हतं.

पण तिचं ध्यान दर थोड्या वेळानं पारोळ्याला जायचं. उठला असेल. दारात कुत्रं तर येत नसेल? गेटवेच्या पायऱ्यांवर लोक पाण्याकडं बघत होते आणि ती पाण्याजवळ खेळणाऱ्या परक्या पोरांवर नजर ठेवून होती. दुसऱ्या दिवशी राणीच्या बागेत कुणाचं तरी तान्हं रडायला लागलं आणि तिला काही कळायच्या आत ब्लाउज भिजला. तिनं पदर दुहेरी करून अंगाभोवती घट्ट घेतला. छाती ठणकत होती. हत्ती, वाघ, सुसर, सगळं तिनं तसंच, खांदे आवळून पाहिलं.

देवचंदच्या ते ध्यानात आलं असावं. संध्याकाळी चौपाटीवर तो तिला वाळूत बसवून कुठंसा गेला आणि केळीच्या पानाची भली मोठी पुडी घेऊन आला. आत मोगरा होता. गजरा नव्हे, वेणी नव्हे. ओंजळीत मावणार नाही इतका सुटा मोगरा.

"अगंबाई! एवढा? आणि न गुंफलेला? माळायचा कसा हो?"

देवचंद समुद्राकडं बघत राहिला. "केसांत नाही," तो म्हणाला. "तो आईनं दिलेला पट्टा आहे ना, त्यात घालून... छातीशी बांधून ठेवायचा. दूध आटतं म्हणे. ठणकाही राहतो."

सुनंदाला आधी नीट उमगलंच नाही. मग एकेक गोष्ट जागच्या जागी जाऊन बसली: तो मऊ पट्टा, टोपीची नाडी बांधताना वर न झालेली मान, आपण होऊन सुचवलेली सहल.

"म्हणजे तोडायलाच पाठवलंय मला?"

"आपल्याकडं आईला दूर पाठवूनच तोडतात, सुनंदा. आई समोर असली की पोरगं सोडत नाही. माझ्या वेळी आई स्वतः अमळनेरला मावशीकडं जाऊन राहिली होती."

"त्यांना माहीत होतं कशासाठी जातोय ते. मला तुम्ही समुद्र दाखवायला आणलंत."

"सांगितलं असतं तर आली असतीस?"

आली नसती, आणि याचाच तिला जास्त राग आला. "मी त्याला अर्ध्यावर ओढलं हो," ती म्हणाली. "गाडी लागली म्हणून. शेवटचं आहे हे ठाऊक असतं तर मी ती गाडी जाऊ दिली असती. मागून दुसरी होतीच की."

देवचंद वाळूत बोटानं रेघा मारत होता. त्या तळव्यानं पुसत म्हणाला, "चुकलं माझं. उद्या सकाळी तू म्हणशील तसं. बोटीत बसायचं तर बसू. नाहीतर तसेच स्टेशनवर जाऊ, संध्याकाळच्या आत चाळीसगाव गाठू, तिथून पारोळ्याची एसटी."

पट्टा तिनं रात्री बांधला, ठणका सोसवेना म्हणून. निदान स्वतःला तिनं तसं सांगितलं.

सकाळी धक्क्यावर ही गर्दी. हमाल वळकट्या घेऊन डेकवर जागा धरायला धावत होते, बायका टोपल्या सांभाळत ओरडत होत्या. आणि त्या सगळ्यावर, पांढरीशुभ्र, एखाद्या गल्लीएवढी लांब बोट. देवचंद पिशव्या खाली ठेवून उभा राहिला. तो बोटीकडं बघत नव्हता, मुद्दाम तिच्याकडं बघत होता.

"बोल," तो म्हणाला.

सुनंदानं मनाशी हिशेब मांडला. पोरगं रडायचं ते रडून झालं असेल. आता जाऊन पाजलं तर आज ना उद्या पुन्हा तोडायचंच, पुन्हा तितकंच रडवायचं. अक्का म्हणतात तेही खोटं नव्हतं. तो भाकरी खात नव्हता, आणि तिला जिना चढताना धाप लागत होती. सगळी कारणं खरी होती. पण त्यांच्या तळाशी आणखी एक होतं, आणि तेही ती ओळखून होती. जळगावच्या वसतिगृहाच्या खिडकीतून मैत्रिणींना सहलीला जाताना बघत उभी राहिलेली मुलगी त्या बोटीकडं बघत होती, आणि तिला जायचं होतं.

भोंगा वाजला.

"चला," सुनंदा म्हणाली, आणि बोटीवर चढायच्या फळीवर आधी तिनंच पाय ठेवला.

समुद्र सुंदर होता. ते तिनं पुढंही कधी नाकारलं नाही. संध्याकाळी पाणी जांभळं झालं, देवचंद लहान पोरासारखा कठड्याला धरून उभा होता, आणि तिच्या पदरातून मोगऱ्याचा कोमेजलेला वास येत होता.

गोवा पाहून ते परत पारोळ्याला आले तेव्हा छाती हलकी, रिकामी झाली होती. मगन ओट्यावर वाटी वाजवत बसला होता. आईला बघून खिदळला, धावत आला, सुनंदा ओट्यावर टेकताच मांडीवर चढला. त्यानं पदर ओढला तर काय म्हणायचं, ते ती वाटभर घोकत आली होती. त्यानं मंगळसूत्राची वाटी हातात घेतली, उलटसुलट केली, सोडून दिली. आणि उतरून अक्कांकडं गेला. "भाकर," म्हणाला.

त्यानं मागितलंच नाही. याचं उत्तर तिनं घोकलेलं नव्हतं.

अक्कांनी दूध-भाकरीची वाटी तिच्यापुढं सरकवली. "ले, तूच भरव," म्हणाल्या. डोळे त्यांचेही खोल गेले होते. "माले बी झोप नई लागनी, माय."

सुनंदा घास भरवू लागली. पोरगं आ करून खात होतं. सासूवरचा राग तिनं वाटभर जपून आणला होता, पण तो ठेवायला आता जागा सापडेना. फळीवर पहिला पाय तिचा स्वतःचा होता.

"अक्का," तिनं खाली बघतच विचारलं, "त्या दिवशी गाडी सुटल्यावर फार रडला का हो?"

"तवय नई रडना," अक्का म्हणाल्या. "गाडी गई तिकडेच देखत राहिना." गाडी गेली त्या वाटेकडं तो बघतच राहिला होता.

मगननं वाटी ढकलली. पोट भरलं होतं त्याचं. तोंड न पुसताच तो अंगणात पळाला. सुनंदा उरलेला घास बोटांत धरून तशीच बसली. त्या दिवशी स्टँडवर ओढलं तेव्हा त्याचं निदान अर्धं पोट तरी भरलं होतं का, ते तिला काही केल्या आठवेना.