कोठीच्या तोंडाशी

"अरे उमा, पाव्हणे खोळंबलेत. ये की लवकर!" अप्पांनी खालून पुन्हा हाक मारली.

उमाशंकर वर, तुरीच्या उंच कोठीच्या तोंडाशी उभा होता, हात लोखंडी कडेवर घट्ट. आत खोलवर व्यंकट भिंतीला धरलेली तूर खरवडत होता. उदगीरच्या या डाळ मिलमध्ये तो दर हंगामात असाच एकटा उतरायचा. त्याच्यासाठी वर कुणी उभं राहायचं असतं, हे कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"येत न्हाई, अप्पा."

खाली सगळ्यांच्या माना वर झाल्या. पाहुणे उमाच्या धाकट्या बहिणीला, अक्षराला बघून, मिल बघायला आले होते. अप्पांचा शब्द मोडायची आजवर घरात कुणाची टाप नव्हती, आणि उमाची तर मुळीच नाही.

जर्मनीत, हॅम्बुर्गला कामाला होता तेव्हा तेच तर नडलं. धान्याच्या कोठारात एक जण उतरला की दुसऱ्यानं तोंडाशी थांबायचं, तिथून हलायचं नाही, असा तिथला रिवाज. जोडीच्या म्हाताऱ्या डीटरनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "साहेबानं बोलावलं तरी नाही म्हणायचं. इथं चालतं." उमानं मान डोलावली होती. पण एकदा डीटर आत उतरलेला असताना मुकादमानं लांबून हात केला, तसा हा पळतच गेला. थोरल्या माणसानं बोलवावं आणि आपण उभंच राहावं, हे अंगात नव्हतंच हो त्याच्या! परत आला तेव्हा आत गहू ढासळून सपाट झाला होता. डीटर कुठंच दिसत नव्हता.

चौकशीत ठपका मुकादमावर आला. उमाला कुणी चकार शब्द बोललं नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं.

अप्पा धापा टाकत जिना चढून आले.

"चार लोकांत इज्जत घालवायलास. चल खाली."

"काय बी म्हणा अप्पा, मी हलणार न्हाई."

अप्पांनी लेकाच्या तोंडाकडे पाहिलं आणि ते जिना उतरून खाली गेले. थोड्या वेळानं पाहुण्यांची गाडी निघून गेल्याचा आवाज आला.

धुळीनं माखलेला व्यंकट कधीचा शेजारीच उभा होता.

"मालक, मी कवाच वर आलो की. तुमच्यासमोरच."

"बघितलं मी."

"मंग चला ना. अप्पा लई तापलेत."

उमाशंकरनं वाकून आत पाहिलं. कडेवरचा हात निघाला नाही.

"तू हो पुढं, व्यंकट. अजून एक जण आत हाय."